शून्यावर शिखर आहे, पण ते मेजोरानाचं कशावरून?

चौथ्या सेमिस्टरचे प्रकल्प शेवटाला आले की नांदेड, लातूर, परभणी, संभाजीनगर अशा सगळीकडून दरवर्षी जवळपास एकच प्रश्न येतो. "सर, झिरो-बायस पीक मिळालं. फील्ड वाढवलं तरी जागचं हलत नाही, उंचीही दोनच्या जवळ आहे. मेजोराना सापडला असं लिहू का?" मेजोराना म्हणजे अतिवाहकाला चिकटलेल्या नॅनोवायरच्या (अतिसूक्ष्म तारेच्या) टोकाला अपेक्षित असलेली शून्य ऊर्जेची विशेष स्टेट. झिरो-बायस पीक म्हणजे शून्य व्होल्टेजला कंडक्टन्समध्ये (विद्युतवहनात) दिसणारं शिखर, आणि 'दोन' म्हणजे २ई²/एच; ई हा इलेक्ट्रॉनचा भार, एच हा प्लांकचा स्थिरांक. सोबत रंगीत आलेख असतो. आडव्या अक्षावर चुंबकीय क्षेत्र, उभ्या अक्षावर बायस व्होल्टेज, आणि मधोमध शून्यावर ठळक रेघ.

अजून लिहू नका. ती रेघ खरी आहे, पण ती कशाची आहे हे त्या एका आलेखावरून ठरत नाही. अतिवाहकाला चिकटलेल्या नॅनोवायरमध्ये साध्या अँड्रीव्ह बाउंड स्टेटसुद्धा (अतिवाहकाजवळ अडकलेल्या, इलेक्ट्रॉन आणि होल यांच्या मिश्रणाच्या स्टेट) शून्य ऊर्जेवर येतात, क्षेत्र बदललं तरी तिथेच राहतात, आणि उंचीही मेजोरानासारखीच दाखवू शकतात. या गोंधळात फक्त विद्यार्थीच पडतात असं नाही. २०१२ साली नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या प्रयोगशाळेत इंडियम अँटिमोनाइडच्या वायरमध्ये शून्यावरचं शिखर दिसलं आणि जगभर खळबळ उडाली. पुढे २०१८ मध्ये 'नेचर'मध्ये शिखराची उंची अगदी क्वांटाइज्ड, म्हणजे नेमकी २ई²/एच, आहे असा शोधनिबंध आला. सर्गेई फ्रोलॉव्ह आणि व्हिन्सेंट मौरिक या संशोधकांनी मूळ डेटा मागवून तपासला. मोजमापाच्या कॅलिब्रेशनमधली चूक बाहेर आली, आणि सगळा डेटा एकत्र मांडल्यावर तो दावा टिकेना. २०२१ मध्ये लेखकांनीच तो निबंध मागे घेतला. जगातल्या सर्वोत्तम उपकरणांवर हे होऊ शकतं, तर आपण लॅपटॉपवर काढलेल्या आलेखाकडे किती बारकाईने पाहायला हवं, याचा विचार करा.

मुळात शोधायचं काय आहे?

कोणतीही फर्मिऑनची (इलेक्ट्रॉनसारख्या कणाची) स्टेट कागदावर दोन मेजोराना अर्ध्यांमध्ये फोडता येते. ही गणिती सोय आहे, त्यात नवल काही नाही. साध्या अँड्रीव्ह स्टेटमध्ये ही दोन अर्धी एकमेकांवर बसलेली असतात. टोपोलॉजिकल, म्हणजे टोकांना मेजोराना देणाऱ्या, अवस्थेतल्या वायरमध्ये एक अर्ध डाव्या टोकाला असतं आणि दुसरं उजव्या टोकाला. मधलं अंतर जितकं जास्त तितका त्यांचा एकमेकांशी संबंध कमी, आणि तो घातांकी वेगाने कमी होतो. ऊर्जा शून्य होते ती त्यामुळे. म्हणजे मूळ गोष्ट अंतराची आहे. आपण मात्र परिणाम पाहतो आणि कारण गृहीत धरतो. शून्य ऊर्जा इतर वाटांनीही मिळते.

म्हणून आलेख हातात आला की "शून्यावर आहे का?" हे विचारू नका, "दोन अर्धी कुठे बसली आहेत?" हे विचारा. प्रयोगात वेव्हफंक्शन थेट पाहता येत नाही. सिम्युलेशनमध्ये येतं. आपल्यातल्या बहुतेकांकडे डायल्यूशन फ्रिज (प्रयोगासाठी अतिथंड तापमान देणारं यंत्र) नाही, लॅपटॉप आहे, आणि या एका प्रश्नापुरता लॅपटॉपवाल्याचा हात वर आहे. तरीही बहुतेक प्रबंधांमध्ये वेव्हफंक्शनचा आलेखच नसतो. याचं मला खरंच वाईट वाटतं.

आधी आकडे तपासा

पुष्कळ वेळा गाठ भौतिकशास्त्रात नसते, युनिटमध्ये असते. इंडियम अँटिमोनाइडसाठी इफेक्टिव्ह मास इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानाच्या ०.०१५ पट घेतलं आणि जाळीचं अंतर १० नॅनोमीटर ठेवलं, तर हॉपिंग (जाळीच्या एका बिंदूवरून शेजारच्या बिंदूवर उडी मारण्याची ऊर्जा) साधारण २५ मिली-इलेक्ट्रॉनव्होल्ट यायला हवं. स्पिन-ऑर्बिटचा (इलेक्ट्रॉनचा स्पिन आणि गती यांच्या जोडणीचा) सहगुणक ०.५ इलेक्ट्रॉनव्होल्ट-अँगस्ट्रॉम घेतला तर त्याचं हॉपिंग २.५ मिली-इलेक्ट्रॉनव्होल्ट. तुमच्या कोडमध्ये यापेक्षा दहापट कमी-जास्त काही दिसलं तर अँगस्ट्रॉम आणि नॅनोमीटरची सरमिसळ झाली आहे. याच आकड्यांवरून स्पिन-ऑर्बिटची लांबी साधारण १०० नॅनोमीटर निघते, म्हणून जाळी १० नॅनोमीटरची चालते. ५० ची चालणार नाही.

दुसरी नेहमीची चूक झीमन ऊर्जेत, म्हणजे चुंबकीय क्षेत्रामुळे स्पिनला मिळणाऱ्या ऊर्जेत. जी-फॅक्टर, बोर मॅग्नेटॉन आणि क्षेत्र यांच्या गुणाकाराचं निम्मं घ्यायचं असतं. ते निम्मं विसरलं की टोपोलॉजिकल अवस्थेत जाण्याचं ट्रान्झिशन अर्ध्याच क्षेत्रावर दिसतं आणि मग पुढचा सगळा अर्थ चुकतो.

आता ट्रान्झिशन कुठे यायला हवं ते कागदावर काढा. २०१० मध्ये लुटचिन, साऊ आणि दास सर्मा यांनी, आणि त्याच वर्षी ओरेग, रेफाएल आणि फॉन ओपेन यांनी स्वतंत्रपणे जी अट दिली ती साधी आहे: झीमन ऊर्जेचा वर्ग हा गॅपचा (अतिवाहकातल्या ऊर्जेच्या फटीचा) वर्ग आणि केमिकल पोटेन्शियलचा (इलेक्ट्रॉन कुठवर भरले आहेत ते सांगणाऱ्या ऊर्जेचा) वर्ग यांच्या बेरजेपेक्षा मोठा हवा. गॅप ०.२ आणि केमिकल पोटेन्शियल १ मिली-इलेक्ट्रॉनव्होल्ट असेल तर सीमा १.०२ ला येते. जी-फॅक्टर ४० धरला तर हे झालं जवळपास ०.९ टेस्ला. आलेखावर या जागी एक उभी रेघ ओढा. शून्यावरची ठळक रेघ या रेघेच्या आधीच सुरू होत असेल, तर तुम्ही जे पाहताय ते मेजोराना नाही. एवढ्या एका रेघेवर निम्मी प्रकरणं निकाली निघतात.

कंडक्टन्स काढताना क्वांट (Kwant) या पायथन प्रोग्राममध्ये एक जागा हमखास नडते. लीड (मोजण्यासाठी वायरला जोडलेला तुकडा) साध्या धातूचा हवा, त्यात अतिवाहक गॅप ठेवायचा नाही, आणि त्याला कन्झर्व्हेशन लॉ द्यायचा, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि होल यांचे मोड वेगवेगळे मिळतात. ते दिलं नाही तर प्रोग्राम चालतो, आकडाही देतो, पण तो आकडा निरर्थक असतो. उंची २ऐवजी ०.६ किंवा १.३ अशी विचित्र येत असेल तर ऊर्जेची पायरी बारीक करा. शिखराची रुंदी पायरीपेक्षा कमी असली की नेमका माथा दोन बिंदूंच्या मधे निसटतो. आणि आलेख गुळगुळीत दिसावा म्हणून हॅमिल्टोनियनमध्ये काल्पनिक पद मिसळलं असेल, तर उंची कमी येणारच. मग त्या उंचीवरून निष्कर्ष काढू नका.

खोटं शिखर येतं कुठून?

हा या सगळ्यातला सर्वांत शिकण्यासारखा भाग आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

खऱ्या वायरच्या टोकाला पोटेन्शियल एकदम भिंतीसारखं उभं नसतं. गेटमुळे (व्होल्टेज देणाऱ्या शेजारच्या इलेक्ट्रोडमुळे) त्याला उतार असतो. वायरच्या आत केमिकल पोटेन्शियल १ मिली-इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे, म्हणजे ०.५ च्या झीमन ऊर्जेला वायर टोपोलॉजिकल नाही. पण टोकाकडच्या उतारावर स्थानिक केमिकल पोटेन्शियल १ वरून शून्याकडे आणि खाली जातं. त्या उतारावर एक छोटा पट्टा असा येतोच, जिथे अट पुरी होते. त्या पट्ट्याच्या दोन कडांना एकेक मेजोराना अर्ध तयार होतं. अंतर थोडंच असतं, त्यामुळे दोघांची ऊर्जा फुटायला हवी. पण उतार सौम्य असेल तर या दोन अर्ध्यांचा एकमेकांशी संबंध फारच क्षीण राहतो आणि ऊर्जा शून्याला चिकटून राहते. केल्स, मैदान आणि ब्रावर यांनी २०१२ मध्येच हे दाखवलं होतं. आज यांना क्वासी-मेजोराना म्हणतात.

यातलं एक अर्ध लीडला जवळ असतं, दुसरं बॅरियरच्या (मधल्या अडथळ्याच्या) आड. लीडशी फक्त पहिलंच जोडलं जातं. त्यामुळे शिखराची उंची येते नेमकी २ई²/एच, म्हणजे ज्या आकड्यावर आपण "सापडला" म्हणून उड्या मारतो तोच. साध्या अँड्रीव्ह स्टेटचं शिखर शून्यापासून ४ई²/एच पर्यंत कुठेही असू शकतं. क्वासी-मेजोराना मात्र २ वर पठारसुद्धा दाखवतो. २०१९ मध्ये वुइक, नायहोल्ट, अखमेरोव्ह आणि विमर यांनी हे नीट मांडलं: स्थानिक मोजमापात दिसणारे मेजोरानाचे बहुतेक गुण हे क्वासी-मेजोराना हुबेहूब दाखवतात.

दुसरी वाट क्वांटम डॉटची, म्हणजे इलेक्ट्रॉन अडकवणाऱ्या छोट्या जागेची. बॅरियर आणि अतिवाहकाने झाकलेला भाग यांच्यामध्ये वायरचा छोटा उघडा तुकडा राहतो. तिथे आपोआप एक डॉट तयार होतो आणि त्यातली अँड्रीव्ह लेव्हल क्षेत्र वाढवत गेलं की शून्यावर येते. स्पिन-ऑर्बिट असल्यामुळे ती शून्य ओलांडून सरळ पलीकडे जाण्याऐवजी बराच वेळ तिथेच रेंगाळू शकते. लिऊ, साऊ, स्टॅनेस्कू आणि दास सर्मा यांचा २०१७ चा अभ्यास यावरच आहे. तिसरी वाट म्हणजे अशुद्धी आणि विस्कळीतपणा, जिथे कुठलाही डॉट किंवा उतार नसताना शून्यावर शिखरं उगवतात. पॅन आणि दास सर्मा यांनी २०२० मध्ये शून्यावरच्या शिखरांना चांगली, वाईट आणि कुरूप अशी नावं दिली. चांगली म्हणजे खऱ्या मेजोरानाची, वाईट म्हणजे उतार किंवा डॉटची, कुरूप म्हणजे विस्कळीतपणाची. कोंडो परिणामानेही (अडकलेल्या स्पिनशी इलेक्ट्रॉनांच्या परस्परक्रियेने) शून्यावर शिखर येतं, पण परस्परक्रिया नसलेल्या तुमच्या मॉडेलमध्ये तो येणार नाही. ती काळजी प्रयोगवाल्यांची.

आता एक काम करा. ज्या कोडने खरा मेजोराना दाखवला, त्याच कोडमध्ये एका टोकाला सौम्य उतार घाला, केमिकल पोटेन्शियल १ ठेवा, आणि सीमेच्या बरंच आधी, ०.५ ते ०.९ च्या दरम्यान पाहा. शून्यावरची रेघ मिळेपर्यंत उताराची लांबी वाढवत जा. स्वतःच्या हाताने खोटं शिखर तयार केल्याशिवाय खरं ओळखता येत नाही.

दोन अर्धी वेगळी करायची रीत

इथे बरेच जण अडकतात. पुस्तकात लिहिलेलं असतं की धन आणि ऋण ऊर्जेच्या दोन स्टेटची बेरीज आणि वजाबाकी घ्या, अर्धी मिळतील. सॉल्व्हरचे (स्टेट काढून देणाऱ्या प्रोग्रामचे) दोन व्हेक्टर घेऊन तसं केलं की आलेख दरवेळी वेगळा येतो. कधी एक अर्ध सपाट शून्य येतं, कधी दोन्ही अर्धी दोन्ही टोकांना पसरलेली दिसतात. कारण असं की ऊर्जा शून्याच्या फार जवळ असली की सॉल्व्हरला त्या दोन स्टेट सारख्याच वाटतात, आणि तो त्यांचं कुठलंही मिश्रण परत देतो. शिवाय प्रत्येक व्हेक्टरची फेजही मनमानी असते.

खात्रीची रीत अशी. स्पिन-ऑर्बिट वाय दिशेच्या स्पिनला आणि क्षेत्र एक्स दिशेच्या स्पिनला जोडलं, आणि नांबूची (इलेक्ट्रॉन आणि होल एकत्र लिहिण्याची) नेहमीची मांडणी ठेवली, जिच्यात पेअरिंगला (अतिवाहकातल्या जोड्यांच्या पदाला) टाऊ-एक्स असतं, तर सगळी मॅट्रिक्स वास्तव असते. तेव्हा टाऊ-वाय आणि सिग्मा-वाय (टाऊ इलेक्ट्रॉन-होलच्या आणि सिग्मा स्पिनच्या पॉली मॅट्रिक्स) यांचा गुणाकार हा ऑपरेटर हॅमिल्टोनियनशी अँटिकम्यूट करतो, म्हणजे गुणाकाराचा क्रम उलटला की चिन्ह बदलतं. शून्याजवळचे दोन व्हेक्टर घ्या, त्या दोघांपुरती या ऑपरेटरची दोन बाय दोन मॅट्रिक्स मांडा आणि तिचे आयगेनव्हेक्टर काढा. आयगेनव्हॅल्यू अधिक एक आणि उणे एक येतील. तीच तुमची दोन अर्धी. सॉल्व्हरने कसंही मिश्रण दिलेलं असो, उत्तर तेच येतं. कोडमध्ये चार-पाच ओळींचं काम आहे. उतार दोन्ही टोकांना दिला असेल तर शून्याजवळ दोनऐवजी चार लेव्हल मिळतात, म्हणून सुरुवातीला एकाच टोकाला द्या.

मग दोन्ही अर्ध्यांचा वर्ग एकाच आलेखावर, दोन रंगांत काढा. खरा मेजोराना असेल तर एक रंग डावीकडे, दुसरा उजवीकडे, आणि मधे दोन्ही विझत जाणारे. क्वासी-मेजोराना असेल तर दोन्ही रंग एकाच टोकाला, थोडे सरकलेले. साधी अँड्रीव्ह स्टेट असेल तर दोन्ही जवळपास एकावर एक. प्रबंधात हा आलेख पहिल्या नंबरला यायला हवा.

वायर आखूड करा, आणि गॅपकडे बघा

लांबीची चाचणी घेताना बहुतेक जण वायर लांब करतात. शून्य शून्यच राहतं आणि काही कळत नाही. उलट करा. ३ मायक्रॉनची वायर १ मायक्रॉनच्या खाली आणा. खरा मेजोराना असेल तर दोन टोकांची अर्धी एकमेकांना भेटू लागतात, शिखर फुटतं, आणि क्षेत्र वाढवलं की ती फूट कमी-जास्त होत, पण एकंदर मोठी होत जाते. टोकाच्या उतारावर बसलेल्या स्टेटला वायर किती लांब आहे याचं काही देणंघेणं नसतं. ती तशीच राहते. ३०० बिंदूंची वायर म्हणजे बाराशे बाय बाराशेची मॅट्रिक्स, साधा लॅपटॉप सहज पेलतो. क्षेत्राचे बरेच बिंदू घ्यायचे असतील तर प्रत्येक बिंदूनंतर निकाल फाइलमध्ये साठवत चला. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे लाईट कधी जाईल याचा नेम नसतो, आणि उकाड्यात तापलेला लॅपटॉप हळूही पडतो.

टोपोलॉजिकल अवस्थेत जाताना वायरच्या आतला गॅप बंद होऊन पुन्हा उघडायलाच हवा. टोकाच्या मोजमापात ते दिसेलच असं नाही, कारण आतल्या स्टेट टोकापर्यंत क्षीणपणे पोचतात. म्हणून नॉन-लोकल कंडक्टन्स काढा: एका टोकाला व्होल्टेज, दुसऱ्या टोकाला करंट, अतिवाहक जमिनीला जोडलेला. २०१८ मध्ये रोसडाल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ही राशी गॅपच्या आत दाबलेली राहते आणि गॅपच्या कडेशी उमटते, त्यामुळे गॅप मिटताना आणि उघडताना स्पष्ट दिसतो. डिसऑर्डर (विस्कळीतपणा) घातला असेल तर सोबत शून्य ऊर्जेला परावर्तन-मॅट्रिक्सच्या डिटर्मिनंटचं चिन्ह तपासा. उणे आलं तर वायर टोपोलॉजिकल. सिम्युलेशनमध्ये यासारखा थेट पुरावा दुसरा नाही.

दोन्ही टोकं एकत्र बघण्याचं महत्त्व आपल्या भागातल्या मुलांना पटकन कळावं. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याला लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहते आहे. अमेरिकेत हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथे, सुमारे ३,००० किलोमीटर अंतरावर, दोन लायगो का बांधल्या? एका ठिकाणचा कंप कशाचाही असू शकतो. १४ सप्टेंबर २०१५ ला दोन्हीकडे जवळपास ७ मिलिसेकंदांच्या फरकाने तोच आकार उमटला, म्हणून त्यावर विश्वास बसला. नॅनोवायरमध्येही एकाच टोकाच्या शिखरावर भिस्त ठेवायची नाही. इथे मात्र एक सावधगिरी हवी. दोन्ही टोकांना आपापला उतार असेल तर दोन्हीकडे एकाच वेळी खोटी शिखरं येऊ शकतात. म्हणून दोन्ही टोकं आणि आतला गॅप हे सगळं एकाच क्षेत्राला जुळायला हवं.

तेवढ्यानेही वाद संपत नाही. गॅपच्या या चाचणीवर उभी केलेली पद्धत मायक्रोसॉफ्टच्या गटाने २०२३ मध्ये आपल्या उपकरणांवर वापरली. त्याच वर्षी हेस, लेग, लॉस आणि क्लिनोव्हाया यांनी दाखवलं की लांब वायरमध्ये साध्या अँड्रीव्ह स्टेटचा पट्टासुद्धा गॅप पुन्हा उघडल्याचा देखावा करू शकतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच कंपनीचा पुढचा निबंध 'नेचर'मध्ये आला, तेव्हा सोबतच्या परीक्षण-फाइलमध्ये संपादकांनीच नोंद केली की हे निकाल म्हणजे मेजोराना झिरो मोड असल्याचा पुरावा नाही.

तापमानाचं एवढंच. २० मिलिकेल्विनला उष्णतेमुळे येणारी रुंदी साधारण ६ मायक्रो-इलेक्ट्रॉनव्होल्ट असते. त्यापेक्षा कमी फुटलेलं शिखर प्रयोगात एकसंधच दिसतं. शून्य तापमानाचं सिम्युलेशन आणि प्रयोगाचा आलेख शेजारी ठेवायचे असतील, तर आधी सिम्युलेशनवर तापमानाचा परिणाम घाला.

प्रबंधात काय लिहायचं

उभी रेघ पार केल्यानंतरच शिखर येतं, दोन अर्धी दोन टोकांना आहेत, वायर आखूड केल्यावर फूट वाढते आणि डिटर्मिनंट उणे आहे, असं सगळं असेल तर "या मॉडेलमध्ये, या आकड्यांना, टोकाच्या स्टेट मेजोराना आहेत" असं बिनधास्त लिहा. यातलं एक जरी बसत नसेल तर "शून्य ऊर्जेजवळची बाउंड स्टेट" असं लिहा आणि काय बसलं नाही ते सांगा. परीक्षकांना हे आवडणार नाही अशी भीती मुलांना वाटते. माझ्या मते नीट तपासलेली खोटी स्टेट हा न तपासलेल्या मेजोरानापेक्षा चांगला प्रकल्प आहे, आणि तोंडी परीक्षेत त्यावर बोलायलाही जास्त असतं.

ज्यांना हे सगळं आधी वहीत अनुभवायचं आहे त्यांनी दोन डॉटची किटाएव्ह साखळी (मेजोरानाचं सर्वांत साधं मॉडेल) घ्यावी. लायन्से आणि फ्लेन्सबर्ग यांनी ती २०१२ मध्ये सुचवली, आणि २०२३ मध्ये डेल्फ्टच्या गटाने ती प्रत्यक्षात करून दाखवली. सम पॅरिटीची (इलेक्ट्रॉनांची संख्या सम असण्याची) एक दोन बाय दोन मॅट्रिक्स मांडा: रिकामे डॉट आणि दोन्ही भरलेले, मधे पेअरिंग. विषम पॅरिटीची दुसरी मांडा: पहिला भरलेला किंवा दुसरा भरलेला, मधे हॉपिंग. दोन्हींच्या तळाच्या ऊर्जा समान ठेवा. अट निघते ती अशी: दोन डॉटच्या ऊर्जांचा गुणाकार बरोबर हॉपिंगचा वर्ग वजा पेअरिंगचा वर्ग. म्हणजे शून्य ऊर्जा मिळवणाऱ्या जागा एक-दोन नाहीत, त्यांची अख्खी वक्ररेषा आहे. पण हॉपिंग आणि पेअरिंग समान आणि दोन्ही डॉट शून्यावर, या एकाच बिंदूला एकेक अर्ध आपापल्या डॉटवर पूर्णपणे बसतं. वक्ररेषेवर बाकी कुठेही गेलात तर ऊर्जा शून्यच राहते, पण निदान एक अर्ध शेजारच्या डॉटवर सांडलेलं असतं. किती सांडतं ते प्रत्येक बिंदूला काढून बघा, आणि मग वायरच्या आलेखाकडे वळा.